आज नाही आली

मिस्त्रींच्या गॅरेजात एकच तेल मिळायचं, लाल बुचाच्या डब्यातलं. कंपनीचं नाव डब्यावर ठसठशीत छापलेलं होतं, पण ते नाव कोणी घ्यायचं नाही. गिऱ्हाईक गाडीच्या खिडकीतून डोकं काढून म्हणायचं, "मिस्त्री, लाल बूचच टाका हं," जणू मिस्त्रींनी आत दुसरं काही दडवून ठेवलं होतं.

सिग्नलपाशी निळ्या डब्याचं दुकान निघालं त्याला तीन वर्षं झाली होती. तिथे पडद्यावरचा एक नट दोन माणसांच्या उंचीचा होऊन, हातात डबा धरून हसत उभा असायचा. तेल बदललं की गाडी फुकट धुऊन मिळायची. उद्घाटनाच्या दिवशी तर येईल त्याला टोपी वाटली. आजूबाजूच्या चार गॅरेजांनी लगेच निळा डबा धरला. मिस्त्रींच्या गिऱ्हाइकांनी टोप्या घेतल्या आणि त्या घालून ते लाल बूच टाकायला मिस्त्रींकडेच आले.

मिस्त्री म्हणायचे, तेलच तसं आहे. त्यांची बायको यावर काही बोलायची नाही.

लाल बूच निवडलं होतं तिनेच. गॅरेज नवं होतं तेव्हा फळीवर तीन कंपन्यांची तेलं असायची. एकदा लाल बुचाच्या खोक्यातले चार डबे गळके निघाले. मिस्त्री म्हणाले, सोड, कोण ऐकून घेणार आहे. तिने डब्यावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी नवं खोकं दारात आलं. इथवर मिस्त्रींना काही विशेष वाटलं नाही. पण चौथ्या दिवशी त्या माणसाचा फोन आला. "ताई, खोकं मिळालं ना? सगळे डबे नीट आहेत ना?" पंधरा दिवसांनी पुन्हा एक.

"काम असलं की सगळेच फोन करतात," ती म्हणाली. "हा काम संपल्यावर करतोय."

त्या महिन्यात बाकीच्या दोन कंपन्या फळीवरून उतरल्या. आणि तिने त्या माणसाची सवय उचलली. दाराशी एक टेबल, टेबलावर फोन, एक जाड वही आणि पिवळ्या पुठ्ठ्याची कार्डं. तेल बदललेल्या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगखाली दोऱ्याने एक कार्ड बांधलं जायचं. त्यावर पुढचं तेल किती किलोमीटरवर बदलायचं तो आकडा, तिच्या अक्षरात. वहीत गाडीचा नंबर, माणसाचा फोन, आणि समोर बारीक अक्षरात काहीबाही: गुडघा. धाकटीची परीक्षा. घर बदलतायत. दहा ते दोन ती फोन करत बसायची.

"गॅरेजातून बोलतेय. गाडी चार हजार चालली असेल तुमची. पट्टी काढून तेल बघा जरा. कमी वाटलं तर या. आणि गुडघा काय म्हणतोय?" आणि शेवटी नेहमीचं वाक्य, "तुम्ही चालवा, लक्षात मी ठेवते."

गिऱ्हाइकांत एक विनोद होता. मिस्त्री गाडीत तेल घालतात आणि वहिनी डोळ्यांत तेल घालून बसतात.

आठ वर्षांपूर्वी कंपनीचे मोठे साहेब येऊन गेले. एवढ्याशा गॅरेजात इतका खप कसा, हे त्यांना बघायचं होतं. ते तिच्या टेबलाशी दोन तास बसले, वहीतलं काय काय लिहून घेतलं, जाताना भिंतीवरचं घड्याळ भेट देऊन गेले. पुढच्या वर्षी कंपनीच्या सगळ्या पाट्यांवर नवं वाक्य आलं. तुम्ही चालवा, लक्षात आम्ही ठेवतो. मिस्त्रींच्या दारावरही तीच पाटी लागली. ती रस्त्यात उभी राहून पाटीकडे बघत खूप हसली. "बघा," म्हणाली, "नोकरी न करता बढती. मी होते, आता आम्ही झाले."

कंपनीच्या त्या जुन्या नंबरवर मात्र आता माणूस नव्हता. मशिन होतं. एक दाबा, दोन दाबा.

सहा महिन्यांपूर्वी एका मंगळवारी ती दुपारी लवकर घरी गेली. डोकं दुखतंय म्हणाली. संध्याकाळी तिला हॉस्पिटलात नेलं. गुरुवारी मिस्त्री एकटे परत आले.

नवव्या दिवशी त्यांनी गॅरेज उघडलं. घरात करण्यासारखं काही नव्हतं. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा ते गाडीखाली होते. वरून आवाज आला, "वहिनी कुठायत?"

"आज नाही आली," मिस्त्री म्हणाले.

ते खोटं नव्हतं. आज ती आली नव्हती. गिऱ्हाईक बरं म्हणालं आणि गेलं. दुसऱ्याने विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत होतं, ते विचारत नव्हते. लांबून येणारे वर्षातून दोन-तीनदा यायचे, त्यांना कळायला मार्ग नव्हता. सांगून टाकावं असं मिस्त्रींना कधी वाटलं नाही, आणि लपवावं असंही वाटलं नाही. तोंड उघडलं की तेवढे तीन शब्द यायचे.

टेबल होतं तसंच राहिलं. फोन वाजायचा आणि थांबायचा. लेक दुसऱ्या गावाहून रोज रात्री फोन करायची. "बाबा, जेवलात?" "जेवलो." "काय जेवलात?" मग मिस्त्रींना ओट्याकडे वळून बघावं लागायचं.

कार्डांचं मात्र वेगळं झालं. नवं कार्ड बांधायचं तर जुनं कापावं लागतं. तिच्या अक्षरातला चार उघड्या तोंडाचा असायचा, आणि शून्य ती इतके लहान काढायची की ते ठिपक्यांसारखे दिसायचे. मिस्त्री तेल बदलायचे, हात पुसायचे, कात्री घेऊन आत वाकायचे आणि मग त्यांना दुसरं काम आठवायचं. असं ठरवून काही केलं नव्हतं. गाडी निघून जायची, नवं तेल पोटात घेऊन आणि जुनं कार्ड गळ्यात घालून.

आणि गिऱ्हाईक कमी होत गेलं. मिस्त्रींना ते दिसत होतं. दिसत होतं, एवढंच.

सोमवारी एरियासाहेब आले. त्या भागातल्या सगळ्या गॅरेजांवर कंपनीतर्फे देखरेख त्यांचीच, म्हणून सगळे त्यांना एरियासाहेब म्हणत. निवृत्तीला आलेला, घामाघूम माणूस. ती गेली तेव्हा ते येऊन गेले होते. टेबलासमोरच्या स्टुलावर बसले आणि तिच्या खुर्चीकडे न बघता बोलू लागले.

"मिस्त्री, खप निम्म्यावर आलाय. वरून विचारणा होते."

"हं."

"मी आतापर्यंत सांभाळून घेतलं. पण कंपनीची पाटी इथून काढून दुसऱ्याला द्यायची तर पेट्रोल पंपापलीकडचा गॅरेजवाला तयार बसलाय. आता एक मार्ग आहे. कंपनीने फोन करायचं मशिन आणलंय. गाडी किती चालली असेल त्याचा अंदाज बांधतं आणि फोन लावतं. बाईचा आवाज आहे, चांगला गोड आहे. फक्त नंबर हवेत. वहिनींची वही हवी."

मिस्त्रींनी वहीकडे बघितलं. "घेऊन जा."

"तसं नाही, सही लागते. शुक्रवारी कागद घेऊन येतो." एरियासाहेब रुमालाने मान पुसत उठले. दारात थांबून जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हालाही बरं पडेल. कुणाला काही सांगत बसायला नको. फोन येत राहतील. लोकांना कळणारसुद्धा नाही."

मिस्त्रींना ते पटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी पटलं होतं. त्यांनी वही टेबलाच्या कडेला, साहेबांना उचलायला सोपी जाईल अशी ठेवली.

बुधवारी दुपारी शाळेची व्हॅन दोरीने ओढून आणली गेली. व्हॅनवाली मागोमाग चालत आली, हातात किल्ल्या वाजवत. पन्नाशीची बाई, वीस वर्षं मुलांना शाळेत नेऊन सोडणारी. आवाज असा की मागच्या बाकावरच्या मुलाने चूपचाप पट्टा लावावा.

"मिस्त्री! हे लाल बूच आहे की डांबर? दोन दिवस गाडी कडकड वाजतेय. पोरं म्हणतात, मावशी, गाडी दात खातेय. आज चढावर मेलीच."

मिस्त्रींनी बोनेट उघडलं. "कंपनीला कळवलंत का?"

"कळवलं म्हणजे? अर्धा तास! बाई म्हणते एक दाबा. दाबलं. म्हणते तीन दाबा. दाबलं. मग म्हणते, तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि लावलं गाणं. आता झोपेत म्हणते मी ते गाणं. नवरा म्हणतो, काय गं, कुठल्या सिनेमातलं?" तिने इकडेतिकडे पाहिलं. "वहिनी कुठायत? त्यांनाच सांगते. त्या बरोबर कान उपटतील कंपनीचे."

"आज नाही आली."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात."

मिस्त्री व्हॅनखाली सरकले. खाली पत्र्याचा मग धरला आणि इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट सोडवला. तीन लिटर यायला हवं होतं. अर्धा मग आलं, काळं, दाट, कसंतरी उतरणारं. त्यांनी दोन बोटांत घेऊन चोळलं आणि उजेडात धरलं. त्यात चंदेरी कण होते. बेअरिंग खाल्लेलं होतं.

बाहेर येऊन त्यांनी व्हॅनच्या दारातून आत बघितलं. मीटरवर सत्त्याण्णव हजार तीनशे सत्तावन्न. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या कार्डावर चौऱ्याऐंशी हजार. उघड्या तोंडाचा चार आणि तीन ठिपके.

"ते कार्ड जुनंच राहिलंय," व्हॅनवाली म्हणाली. "मी बघितलं ना. म्हटलं लिहायचं राहिलं असेल, वहिनींचा फोन येईलच. मध्ये पट्टी बघा म्हणून येतो, तोही आला नाही. म्हणजे अजून वेळ आहे."

"तेलाचा दिवा लागला नाही?"

"लागला की. मागच्या आठवड्यापासून लागतोय. म्हटलं वायर ढिली असेल." ती जरा चिडूनच म्हणाली, "अहो, वीस वर्षांत वहिनींचा फोन चुकला नाही. दिवा दोनदा उगीच लागला होता. मी कुणावर विश्वास ठेवायचा?"

मिस्त्रींनी बोटांवरचं तेल फडक्याला पुसलं.

"सिग्नलपाशीचा तो निळ्या डब्यावाला म्हणत होता, लाल बुचवाले हल्ली तेल हलकं देतात. तुम्ही मला तसं लिहून द्या, मिस्त्री. तेलाने इंजिन खाल्लं म्हणून. बाकी मी कंपनीशी बघते. नाही तर ते माझ्यावर ढकलतील, बाईने हयगय केली म्हणून."

ते तसंच होणार होतं. एक तर तेलावर जाणार होतं, नाही तर तिच्यावर. मिस्त्रींनी नुसतं गप्प राहायचं होतं. आणि गप्प राहणं त्यांना गेले सहा महिने चांगलं जमत होतं. त्यांनी तेलाचा मग बाकावर ठेवला.

"तेलाचं काही नाही," ते म्हणाले. "तुमचंही नाही."

"मग कुणाचं?"

"माझं. कार्ड मी बदललं नाही. फोनही करायला कुणी नाही. ती गेली."

"कुठे गेली?"

मिस्त्रींनी हात पुसायचं फडकं घेतलं आणि पुसलेलेच हात पुन्हा पुसले. "वारली. थंडीत. तुमचं तेल बदललं त्याच्या सतरा दिवस आधी."

व्हॅनवालीच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. ती तिथेच, जवळ होती त्या खुर्चीत बसली. ती खुर्ची सहा महिने रिकामी होती. मिस्त्रींच्या ते लक्षात आलं, पण ऊठ म्हणावं असं वाटलं नाही.

"सतरा दिवस आधी," ती म्हणाली. "आणि तुम्ही मला तोंडावर सांगितलंत, आज नाही आली."

"हो."

"मी चष्म्याची दोरी दिली होती तुमच्याकडे. त्यांचा चष्मा सारखा वहीत पडायचा म्हणून. तुम्ही म्हणालात, उद्या देतो."

"खणात आहे."

तिने खण ओढला. दोरी होती, कागदासकट. तिने ती हातात घेतली आणि रडायला लागली, मोठ्याने, मुलांवर ओरडायची त्याच आवाजात. मिस्त्री समोर उभे राहिले. आपणही रडावं असं त्यांना वाटलं नाही. पाय दुखतायत, एवढं वाटलं. थोड्या वेळाने तिने विचारलं काय झालं होतं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. मंगळवार, डोकं, हॉस्पिटल, गुरुवार. मीटरवरचा आकडा वाचून दाखवावा तसं.

"इंजिन मी करून देतो," शेवटी ते म्हणाले. "माझी चूक आहे, सगळं मी बघतो. परवा गाडी मिळेल."

"आणि तोवर पोरांना काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

"माझी गाडी न्या. दोन खेपा कराव्या लागतील."

ती उठली, नाक पुसलं, दोरी परत खणात ठेवली. दारात वळली. "अजून किती जणांना सांगितलंत, आज नाही आली?"

मिस्त्रींनी कधी मोजलं नव्हतं. "सगळ्यांना," ते म्हणाले.

"म्हणजे माझ्यासारखे अजून आहेत रस्त्यावर. दिवा लागलेला आणि फोनची वाट बघतायत."

ती गेल्यावर मिस्त्रींनी चेंबर उतरवला. काम सोपं नव्हतं, पण डोकं लागत नव्हतं, हातांना माहीत होतं. हात कामात असताना तिचं शेवटचं वाक्य कानात राहिलं. पेट्रोल पंपाजवळचा औषधांचा टेम्पो. तो उंच मास्तर. रोज धरणापर्यंत जाणारी ती पाणीखात्यातली बाई. सगळ्यांच्या स्टिअरिंगखाली पिवळी कार्डं लोंबत होती, आणि त्यांवरचे आकडे मागे पडत चालले होते.

शुक्रवारी सकाळी व्हॅन तयार झाली. मिस्त्रींनी ती चालू करून कान लावला. दात खात नव्हती. व्हॅनवाली आली, आत बसली आणि म्हणाली, "आधी कार्ड बदला. नाही तर मी हलणार नाही."

मिस्त्रींनी कात्री घेतली, वाकले, आणि दोरा कापला. तिने मीटर वाचून दाखवला, त्यांनी आठ हजार मिळवून नवं कार्ड लिहिलं. एक लाख पाच हजार तीनशे सत्तावन्न. तिने कार्ड हातात धरून बघितलं.

"हा सात आहे की पान्हा?"

"सात."

"कुणी विचारलं तर सांगेन." तिने ते स्वतः बांधलं. जुनं कार्ड मिस्त्रींच्या हातात राहिलं. त्यांनी ते शर्टाच्या खिशात टाकलं, मग काढून बाकावर ठेवलं, मग पुन्हा खिशात टाकलं.

तेवढ्यात एरियासाहेब आले, कागद घेऊन. पेनाचं टोपणही काढून दिलं. "इथे, आणि इथे."

मिस्त्रींनी पेन घेतलं नाही. "तुमचं मशिन त्यांना सांगेल का?"

"काय?"

"की ती गेली."

एरियासाहेबांनी व्हॅनवालीकडे बघितलं, मग मिस्त्रींकडे. "मिस्त्री, ते मशिन आहे. ते तेलाचं सांगतं."

"मग राहू दे. वही देत नाही. मी करतो फोन."

"तुम्ही?" साहेबांना खरंच काळजी वाटलेली दिसली. "अहो, तुम्ही बायकोशीसुद्धा चार शब्दांच्या वर बोलला नसाल. आणि पाटी मी थांबवू शकणार नाही. महिनाअखेरीला माणसं येतील काढायला."

"पाटी गेली तरी तेल देणार ना?"

"तेल काय, पैसे दिले की कुणालाही देतो आम्ही."

"मग झालं."

एरियासाहेबांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि जाता जाता, पहिल्यांदाच, खुर्चीकडे बघितलं. "दहा ते दोन करा," म्हणाले. "वहिनी त्याच वेळात करायच्या. लोक तेव्हा उचलतात."

व्हॅन गेली, साहेब गेले. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मिस्त्री खुर्चीत बसले. खुर्ची त्यांना बुटकी होती, गुडघे टेबलाला लागत होते. त्यांनी वही उघडली. पहिलं नाव औषधांच्या टेम्पोवाल्याचं. समोर बारीक अक्षरात: आईला कमी ऐकू येतं, मोठ्याने बोलणे.

फोन चार वेळा वाजला आणि उचलला गेला.

"एक दाबू की दोन?" पलीकडचा वैतागून म्हणाला. "सकाळपासून तिसरं मशिन!"

"काही दाबू नका," मिस्त्री म्हणाले. "मी मिस्त्री. गॅरेजातून."

"मिस्त्री? तुम्ही? आणि फोनवर?" तो हसला. "आज सूर्य कुठून उगवला? वहिनी कुठायत?"

मिस्त्रींच्या तोंडात ते तीन शब्द आले. त्यांनी ते बाहेर पडू दिले नाहीत. दुसरे शोधायला वेळ लागला.

"वारली ती. सहा महिने झाले."

टेम्पोवाला म्हणाला, "अहो, काय सांगता." मग पुन्हा, "काय सांगता." मग जपून, "मग... मिस्त्री, माझ्या गाडीचं आता?"

मिस्त्रींनी वहीवर बोट फिरवलं. "तुमचं बरंच पुढे गेलं असणार. आज कुठे लांब जाऊ नका. आधी पट्टी काढून बघा, कमी असेल तर गाडी चालू न करता फोन करा. मी डबा घेऊन येतो."

"बरं. बघतो लगेच."

"आणि आई कशी आहे?"

"आहे तशीच. ऐकूच येत नाही आता."

तिचं ते शेवटचं वाक्य इथे यायचं. मिस्त्रींना ते पाठ होतं, दारावरही लिहिलेलं होतं. त्यांना ते म्हणता आलं नाही. "बघा मग," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी वहीत नावापुढे एक खूण केली आणि उरलेली नावं मोजली. दोनशे अकरा. म्हणजे तेच दोनशे अकरा वेळा सांगायचं होतं.

त्यांनी दुसऱ्या नंबरवर बोट ठेवलं. उंच मास्तर. समोर लिहिलं होतं: गुडघा.